हळू आवाजाचा डबा

हेडफोन कानांवर बसला आणि वाल्मीक बागूलला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं, की आपल्या तोंडात पाणी आहे. अजून बोलायला सुरुवातही झाली नव्हती. नुसते ओठ सुटले, तर त्याचा एक चिकट आवाज आला. मग जीभ टाळूपासून निघाली तिचा. मग नाकातून हवा आत गेली आणि तिच्या पाठोपाठ एक बारीक शीळ. हे सगळं आपल्या आत चाललेलं असतं? रोज? उघड्यावर आंघोळ करताना कुणी बघावं तसं त्याला कसंसंच झालं. "बोला ना भाऊ, काहीही बोला," काउंटरपलीकडून शालिग्राम चौधरी हाताने खुणावत होता. जळगावच्या बाजारपेठेत शालिग्रामचं हे दुकान, पुढे हार्मोनियम, ढोलक्या आणि मागे लग्नाच्या साउंडची खोकी. काहीही बोला म्हटलं की माणसाला काहीच सुचत नाही. वाल्मीकचा हात आपोआप खिशात गेला, रुमाल बाहेर आला, रुमाल माइकला गुंडाळला गेला आणि दोनदा जोरात फुंकर बसली. कानात असं वादळ उठलं की तो स्वतःच मागे सरकला. "अहो फुंकू नका! जीव जाईल त्याचा," शालिग्राम अर्धा उठून ओरडला, "कंडेन्सर आहे तो. मुंगी शिंकली तरी ऐकतो." वाल्मीक पुरता गोंधळला, आणि गोंधळलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." दुकानात टाळांच्या जोड्या वाजवून बघणारी एक बाई चटकन वळली, पायाशी ठेवलेली पिशवी तिने उचलली, दाराकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग थांबून तीच हसायला लागली. "बाई गं! तुम्ही धुळ्याच्या स्टँडवरचे का हो?" वाल्मीकने मान हलवली. त्याला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकाच जागी.

तर हा तोच. धुळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून ज्याने अर्धं आयुष्य खिडकीत बसून काढलं, ज्याच्या आवाजावर बाकावर पेंगणारी माणसं दचकून उठली, निम्मी खाल्लेली भजी पुडीत कोंबून धावली, आणि ज्याचा चेहरा मात्र कुणी कधी पाहिला नाही. निवृत्त झाला त्या दिवशी शाल, नारळ, दोन भाषणं झाली, आणि खिडकीतला माइक दुसऱ्याकडे गेला. आवाज मात्र वाल्मीकबरोबर घरी आला. देवपुरातल्या तीन खोल्यांत तो घुमायला लागला. "भाजी गरम करून ठेवली आहे," एवढं वाक्य त्याने म्हटलं की शेजारच्या घरातल्या माणसालाही भाजी गरम आहे हे कळायचं. हे असंच चाललं असतं. पण पुण्याला असलेल्या प्राचीचा, त्याच्या एकुलत्या एक मुलीचा, फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. "पप्पा," ती म्हणाली, "आजी पाळण्याजवळ म्हणायची ना, ते डोळे झाकायचं गाणं, ते तुमच्या आवाजात हवंय मला. फोनवर रेकॉर्ड करून पाठवू नका, फोनवर तुम्ही ओरडता. चांगला माइक आणा, नीट करा. बाळाला पहिल्या दिवसापासून ऐकवायचंय." वाल्मीकला असं भरून आलं की तो नुसता हो हो म्हणत राहिला. फोन ठेवला तर स्वयंपाकघरातून कलाबाईचं हसू ऐकू आलं. ती पोटभर हसून घेऊन दारात आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुमना आवाजवर पोर निजाव नही, थैली लिसन उभी ऱ्हाई जाई!" तोही हसला. बायकोची थट्टा त्याला नवी नव्हती. पण थट्टा खरी असली की हसून झाल्यावरही ती पोटात राहते. रात्रीचं जेवण होईपर्यंत ती तिथेच होती, सकाळच्या चहालाही होती. आईचं गाणं त्याला पाठ होतं, चाल पाठ होती. पण ज्या आवाजाने लेकरू निजेल असा आवाज आपल्याजवळ अजून शिल्लक आहे का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते कुणाला विचारायचं हेही माहीत नव्हतं. म्हणून तो जळगावच्या गाडीत बसला. माइक बघायला, असं त्याने कलाबाईला सांगितलं.

शालिग्राम मूळचा फैजपूरचा, बोलायला लागला की केळीच्या बागेत पाणी सोडल्यासारखा सगळीकडे पसरायचा. त्याने दोन माइक पुढे ठेवले आणि समजावून सांगितलं. हा कंडेन्सर, अंगाने नाजूक, सगळं ऐकतो, चांगलं आणि वाईटही. हा दुसरा डायनॅमिक, स्टेजवरचा, धट्टाकट्टा, तोंडासमोरचं तेवढं ऐकतो, आजूबाजूच्या भानगडीत पडत नाही. आणि दोघांच्याही मागे हा डबा लागतो, ह्यात प्रीअँप असतो. "म्हणजे कसं भाऊ, माइकमधून जो आवाज निघतो तो अगदी बारीक, कुजबुजच समजा. तिला मोठं करून पुढे पाठवतो तो प्रीअँप. हे बटण फिरवलं की वाढतो, त्याला गेन म्हणतात." वाल्मीकने मान डोलावली, पण त्याचं लक्ष कंडेन्सरकडे होतं आणि त्याकडे बघवत नव्हतं. त्याने डायनॅमिक हातात घेतला. वजन ओळखीचं होतं, गार लोखंडी जाळी ओळखीची होती. तोंडाजवळ धरून तो म्हणाला, "अमळनेर, चोपडा, फलाट क्रमांक सहा," आणि हेडफोनमध्ये त्याला त्याचा तो स्टँडवरचा आवाज मिळाला, थोडा नाकातला, शेवटच्या अक्षरावर लांबवलेला. हा मी. त्याला हायसं वाटलं. "हाच द्या," तो म्हणाला, "आणि डबा साधासुधा चालेल." शालिग्राम काहीतरी सांगणार होता, पण तेवढ्यात ढोलकीला शाई लावून घ्यायला कुणीतरी आलं.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्यावर, पाळधी गेलं, एरंडोल गेलं, तरी कानातून ती शीळ काही जाईना. ती कुणाची होती? आपल्या नाकात इतकी वर्षं कोण शीळ घालत बसलंय? आणि मग पारोळ्याच्या आसपास त्याला आई आठवली, स्टँडवरची. शेवाळीच्या पलीकडे, पिंपळनेरजवळच्या त्याच्या गावाहून ती पहिल्यांदाच एकटी धुळ्याला आली होती, नवी नोकरी लागलेल्या लेकाला बघायला. डोक्यावर बाजरीचं गाठोडं. खिडकी सापडली नाही म्हणून बाकावर बसून राहिली, आणि वर कर्ण्यातून वाल्मीक गाड्या पुकारत होता. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला तर ही बाकावर. तिने त्याला बघितलं, तोंडावरून हात फिरवला आणि वर कर्ण्याकडे बोट करून हळूच विचारलं, "वाल्मीक, हाऊ मानूस कोनवर चिडेल शे रे?" तो इतका हसला होता की कंडक्टर लोक गोळा झाले. चिडलेला माणूस! पुढे किती वर्षं तो ही गोष्ट सांगून लोकांना हसवत होता, भीमजयंतीच्या बैठकीत, लग्नात, कुठेही. आज गाडीत ती आठवली आणि हसू आलं, पण मध्येच अडलं. तिने आपला आवाज ओळखला नव्हता. पोटच्या पोराचा. त्याने पिशवीतल्या माइकवर हात ठेवला.

घरी दोन दिवस उत्सवच झाला. प्राचीचा जुना लॅपटॉप निघाला, वायरी निघाल्या, शेजारच्या मोहिनीताईने येऊन सगळं जोडून दिलं आणि कुठलं बटण दाबायचं ते दोघांनाही शिकवून गेली. खोली रिकामी वाजते असं ती म्हणाली, म्हणून कलाबाईने गोधड्या काढल्या आणि तिन्ही भिंतींवर टांगल्या. चौथ्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते, तिथे मात्र फोटोंच्या खालून एक जाड चादर लावली. खोली एखाद्या गोधडीच्या पोटात गेल्यासारखी झाली. बाहेरची कोकिळा बंद, मिक्सर बंद. वाल्मीक आत बसला, घसा खाकरला आणि गायला. गाणं असं होतं:

डोया झाक, डोया झाक, गाव बठ्ठं नीजनं,
पांझरानं पानी नीजनं, तू बी डोया झाक.

ऐकून बघितलं तर मात्र, अरे देवा. गाव निजलं होतं खरं, पण सूचना दिल्यावर. पांझरा नदीचं पाणी निजलं होतं, पण फलाट क्रमांक चारवर. कलाबाईने तोंडात पदर कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. "आवं, हाई गानं शे का? हाई तं गाडी लागनी!" मग त्याने आवाज खाली आणून बघितला, अगदी खाली. तर डब्यातून एक सतत सूं ऐकू यायला लागलं, स्टोव्ह पेटवून ठेवल्यासारखं, आणि त्या सूंमध्ये त्याचा आवाज बुडून गेला. बटण वाढवलं तर सूं आधी वाढायचं. सूंच्या वर यायचं तर ढकलायला हवं होतं, आणि ढकललं की पुन्हा स्टँड. दुपारभर तो त्या दोन्हींच्या मध्ये कुठे जागा सापडते का ते शोधत राहिला. स्टँडवर तरी काय होतं? तोच कर्णा, इंजिनांचा तोच गलका, आणि त्याच्या वर येण्यासाठी छातीतून ढकलत राहायचं. रोज ढकलायचं, घरी आल्यावर थांबवायचं कसं ते कुणी शिकवलं नाही. हा विचार त्याने कलाबाईला सांगितला नाही. त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "माइकच खराब आहे." कलाबाई हसायची थांबली. इतका वेळ ती माइककडे बघत होती, आता तिने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उद्या मीबी येस तुमनासंगे. तो माइकवाला माले दाखवा." आणि जिभेवरचा साखरेचा दाणा मोडावा तितक्या सहज तिने जळगावला जायचं ठरवूनसुद्धा टाकलं.

दुकानात कलाबाई अशी शिरली की शालिग्रामने आपसूक खुर्ची पुढे केली. "चौधरीभाऊ, ह्यांना माइक दिला तुम्ही, आवाज नाही दिला," ती शहरी मराठीत म्हणाली. परक्या दुकानात ती ठेवणीतली मराठी काढायची. शालिग्रामने सगळं ऐकून घेतलं, सूंची तक्रार ऐकून तर त्याने कपाळावरच हात मारला. "वहिनी, मी त्या दिवशी हेच सांगणार होतो! माइक बदलू नका. तुमच्या घरी मिक्सर आहे, कोकिळा आहे, कंडेन्सर त्यांचंच गाणं पाठवून देईल पुण्याला. माइक हाच बरोबर. पण हा लोखंडी आहे, ह्याला मागून दमदार हात लागतो. त्या साध्या डब्याला तेवढा दम नाही, वाढवायला गेलं की धापा टाकतो. तेच ते सूं." त्याने आतून दुसरा डबा आणला, काळा, साधाच दिसणारा, एकच मोठं बटण असलेला. माइक जोडला. हेडफोन वाल्मीककडे जात होता, तो कलाबाईने मध्येच घेतला आणि स्वतःच्या कानांवर चढवला. "बोला," ती म्हणाली. वाल्मीकने छाती भरून घेतली. "अंहं," शालिग्राम बटणावर बोट ठेवून म्हणाला, "ओरडायचं नाही. तुम्ही जितकं हळू बोलाल तितकं मी इकडून वाढवतो. आवाज ढकलायचं काम आता तुमचं नाही भाऊ. ते ह्या डब्याचं."

आता तुमचं नाही. वाल्मीक माइकसमोर उभा राहिला आणि हे वाक्य त्याच्या आत खाली खाली उतरत गेलं. निरोपाच्या समारंभात साहेब पुष्कळ काही बोलले होते, पण हे कुणी बोललं नव्हतं. छातीत भरून घेतलेली हवा तशीच अडली होती. ती त्याने सोडून दिली. खांदे खाली आले. इतकी वर्षं ते वर होते हे त्याला खाली आल्यावर कळलं. समोर कलाबाई बसली होती, मोठे काळे हेडफोन लावून, विमान चालवणाऱ्या माणसासारखी, गंभीर तोंड करून वाट बघत. धुळ्याहून उभ्याने आली होती ती, गाडीला गर्दी होती. वाल्मीकचे ओठ सुटले. तोंडात पाणी होतं, असू दे. आणि तो म्हणाला, जेमतेम स्वतःला ऐकू येईल इतकं, "कला, थकनी का तू?" कलाबाईचे डोळे मोठे झाले. तिने मागे वळून बघितलं, दुकानात आणखी कुणी आहे का ते. मग पुन्हा त्याच्याकडे. ओठ त्याचेच हलले होते. एवढ्याशा वाक्याने ती नव्या नवरीसारखी लाल झाली, आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर गच्च दाबून म्हणाली, "आखो बोला ना." तो काय बोलला ते शालिग्रामला ऐकू आलं नाही, कारण ते ऐकायला एकच हेडफोन होता आणि तो काढून द्यायला कलाबाई तयार नव्हती. पुष्कळ वेळाने तिने तो काढला, पदराने डोळे टिपले, ठेवणीतली मराठी साफ विसरली आणि म्हणाली, "चौधरीभाऊ, हाऊ डबा बांधी द्या." वाल्मीकला हसू फुटलं. दुकानाच्या मधोमध उभा राहून तो हसत सुटला, आणि त्या हसण्याचासुद्धा आवाज वेगळा येतोय असं त्याला वाटलं.

पण आनंदाच्या घरात एक तरी कोपरा अडून बसलेला असतोच. घरी नवा डबा लागला, सूं गेलं, दुपारी गल्ली झोपली की वाल्मीक गोधड्यांमध्ये शिरायचा, हळू गायचा, आणि आवाज खरोखरच मऊ उतरायचा, दुधावरची साय तशी. तरी गाणं लागेना. कुठेतरी खडा होता. तो कलाबाईनेच काढला. "डोळा?" त्याचा ळ ओढूनताणून काढत ती म्हणाली. "तुमनी मायनी कधी असं म्हनं का? 'डोया'!" वाल्मीकने पुन्हा ऐकलं. खरंच की. डोळा झाक. मधला ळ कसा टणक, वळवलेला, सरकारी. त्याने पुन्हा गायलं, पुन्हा डोळा. मनात डोया धरून माइकसमोर जायचा, तोंडातून डोळा पडायचा. घरात, अंगणात, भाजीवाल्याशी तो मजेत डोया म्हणायचा. माइकची जाळी समोर आली की जीभ आपोआप मागे वळायची आणि सावधान उभी राहायची.

कारण ही जीभ त्याने स्वतःच वळवली होती. गंमत बघा, ज्या मुलखातल्या माणसाला ळ म्हणता येत नाही त्या मुलखाने आपल्या गावांची नावं ठेवताना ळ ठासून भरलेत. धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, भुसावळ, पिंपळनेर. नोकरीच्या पहिल्या महिन्यात कर्ण्यातून "धुये, जयगाव, अमयनेर" ऐकू आलं तेव्हा बाहेरगावचे प्रवासी हसले, आणि साहेबांनी बोलावून प्रेमानेच सांगितलं, बागूल, आवाज तुमचा सोन्यासारखा आहे, तेवढा ळ जमवा. मग नव्या लग्नाच्या त्या दिवसांत, कलाबाई भाकरी थापायची आणि हा चुलीपुढे बसून जीभ मागे वळवायचा. ळ. ळ. अळ. धुळ. ती विचारायची, "जिभले काय शिक्षा करी ऱ्हायनात?" आणि पिठाचं बोट त्याच्या नाकाला लावायची. मग तीही बसायची जोडीने, दोघं मिळून ळ म्हणायचे, तिला यायचाच नाही, ती हसून हसून लोळायची. भाकरी करपायची. ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा स्वच्छ 'धुळे' म्हणता आलं त्या दिवशी त्यांनी बत्तासे खाल्ले होते. तो ळ त्याने कमावला होता. त्याला त्याची लाज नव्हती, उलट अभिमान होता. पण आईने बाकावर बसून कर्ण्यातून ऐकला तो हाच ळ, आणि तिला वाटलं कुणीतरी चिडलंय. हे दोन्ही खरं होतं. गोधडीच्या मऊ अंधाऱ्या उबेत ही दोन्ही खरी वाल्मीकच्या मांडीवर येऊन बसली आणि त्याला एकदम गंमत वाटली. कमावलेलं ठेवून थोडा वेळ घरी जाता येत नाही की काय?

"आधी गावं म्हना," कलाबाई बाहेरून म्हणाली. तिने गोधडीचा कोपरा उचलून डोकं आत घातलं होतं. "गावेसनीच जीभ वयवी ना तुमनी? मंग आधी गावंच म्हना, माय म्हने तशी. मंग गानं म्हना." एवढं बोलून तिने मोहिनीताईने शिकवलेलं लाल बटण दाबून टाकलं, कारण नंतर दाबायला ती विसरेल अशी तिला भीती होती, आणि डोकं बाहेर काढून घेतलं. वाल्मीकने डोळे मिटले. आपण स्टँडवर नाही, आईबरोबर बैलगाडीत आहोत, धुळ्याचा बाजार करून घरी निघालोय, असं त्याने मनात धरलं. हळूच म्हणाला, "धुये." अगदी हळू. ढकलायचं काम डब्याचं. "धुये... मोराणे... कुसुंबा..." गाडी चालली होती. त्याला घाई नव्हती, कुणाला उठवायचं नव्हतं, कुठल्या गावाला किती मिनिटं थांबायचं ते सांगायचं नव्हतं. "नेर..." नेरला नदी दिसते. "शेवायी..." जीभ तोंडात सरळ, मोकळी पडली होती, उन्हातून आलेलं माणूस गार ओट्यावर आडवं होतं तशी. "साक्री... पिंपयनेर..." आणि पिंपयनेरच्या पुढे रस्ता नव्हता, तिथे गाणं होतं. डोया झाक, डोया झाक. ते आपोआप आलं. मध्ये एकदा नाकातली ती शीळ वाजली, आणि त्याने ओळखली. आई गायची तेव्हा ओळ संपता संपता हीच वाजायची, पाळण्याच्या कडीबरोबर. लहानपणी त्याला वाटायचं की ती गाण्याचाच भाग आहे. गाणं संपलं. त्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि तो हसत होता, आणि बाहेर कलाबाई श्वास रोखून उभी होती हे त्याला गोधडीतूनही कळत होतं.

ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं पुण्याला गेलं, कारण पुढचं कापायचं कसं ते दोघांनाही येत नव्हतं. प्राचीला मुलगी झाली. कलाबाई दीड महिना पुण्याला राहून, लेकीला आणि नातीला न्हाऊमाखू घालून परत आली, आणि आल्या आल्या तिने माहेरच्या, सासरच्या, गल्लीतल्या सगळ्यांना नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगून टाकलं. रेकॉर्डिंगचं मात्र ती काही सांगेना. विचारलं की, "प्राची सांगी," एवढंच. वाल्मीकचा जीव टांगणीला. पोर निजत नसेल. पिशवी घेऊन उभी राहत असेल. शेवटी एका दुपारी प्राचीचा फोन आला, आणि ती अगदी बारीक आवाजात बोलत होती.

"जयभीम पप्पा. एक सांगू? रागवू नका. तुमचं गाणं तिने अजून ऐकलेलंच नाही."

"म्हणजे?" वाल्मीकने विचारलं.

"म्हणजे गाण्यापर्यंत पोचतच नाही ती. सुरुवातीला तुम्ही गावांची नावं घेता ना, त्यातच झोपते. रोज. कितीही रडत असू दे, 'धुये' म्हटलं की गप्प होते, कुसुंब्याला डोळे जड होतात, आणि नेर यायच्या आत झोपलेली असते. काल मी म्हटलं बघू, आज साक्रीपर्यंत जाते का. नाही गेली. आत्ता पण लावलंय. ऐका." आणि फोनमधून, पुण्यातल्या कुठल्याशा खोलीतून, वाल्मीकला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि त्याने तो ओळखला. मोराणे, तो आवाज म्हणाला. कुसुंबा. आणि नावांच्या मागे एक इवलासा श्वास, आत, बाहेर.

वाल्मीक फोन कानाला लावून उभा राहिला. आयुष्यभर त्याने झोपलेल्या माणसांना उठवून गाडीत बसवलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कलाबाई हात पुसत धावत आली आणि आनंदाने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "सांगं ना प्राचीनी? सांगं ना? नेरच येत नही तिले!"

"शूऽऽ," वाल्मीकने ओठांवर बोट ठेवलं. "हयू बोल. पोर नीजनी शे."

कलाबाई थबकली. पोर पुण्याला होती, आणि हे उभे होते धुळ्याला. मग चपला दारातच काढून, पाय न वाजवता त्याच्याजवळ आली, फोनच्या दुसऱ्या बाजूला आपला कान लावला आणि कुजबुजली, "कुठलोंग उनी गाडी?"

"कुसुंबा गयं," वाल्मीक म्हणाला.